टाइल का सुटते? उचललेली टाइल आधी उलटी करून बघा

प्रश्न थोडक्यात असा: घर बांधून चार वर्षं झाली. हॉलमध्ये ६०० बाय ६०० मिमीच्या टाइल्स आहेत. एका थंड पहाटे मोठा आवाज झाला आणि बघितलं तर खोलीच्या मधोमध दोन रांगा एकमेकींना टेकून वर आलेल्या. गळती नाही, काही जड पडलेलं नाही. मिस्त्री म्हणतो टाइलच खराब, टाइलवाला म्हणतो मिस्त्रीचं काम कच्चं. नक्की काय झालं, आणि उचललेल्या टाइल्स परत चिकटवून भागेल का?

नुसत्या परत चिकटवून भागणार नाही. पुढच्या थंडीत शेजारची रांग उचलेल. असं का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण प्रतिबंधही त्यातूनच समजतो.

फरशी सुटायला दोन गोष्टी जमून याव्या लागतात. टाइलची खालच्या थरावरची पकड कमी असते आणि टाइलला आडवा रेटा बसतो. पकड कच्ची आहे पण रेटा नाही, अशी टाइल वर्षानुवर्षं नुसती बद्द वाजत जागेवर पडून राहते. असे मजले मी भरपूर पाहिलेत. पकड पक्की असेल तर बराच रेटा पचून जातो. बोललं जातं ते फक्त पकडीबद्दल: सिमेंट कमी पडलं, अॅडहेसिव्ह (टाइल चिकटवायचा तयार माल) हलकं वापरलं. रेट्याचं नाव कोणी काढत नाही. मोठा आवाज करून उचललेल्या फरशीत मात्र बहुतेक वेळा खरा प्रताप त्याचाच असतो.

हा रेटा मुख्यतः खालच्या स्लॅबमधून येतो. काँक्रीट ओतल्यावर त्यातलं जास्तीचं पाणी महिनोन्‌महिने हळूहळू निघून जातं आणि काँक्रीट आकसतं. हे आकसणं मीटरमागे साधारण ०.३ ते ०.६ मिमी धरतात. ६ मीटर लांबीच्या हॉलमध्ये ते २ ते साडेतीन मिमीपर्यंत जातं. भाजलेली टाइल तशी आकसत नाही. उलट, जास्त पाणी शोषणाऱ्या काही टाइल्स भट्टीतून निघाल्यानंतर हवेतला ओलावा घेत सावकाश किंचित वाढतात, आणि ही वाढ नंतर वाळून कमी होत नाही. खालचा थर लहान होत चाललाय आणि वरचा आहे तेवढाच किंवा जरा मोठा, अशी ही ओढाताण.

त्यात तापमानाची भर. तापमान एक अंशाने उतरलं की काँक्रीट मीटरमागे सुमारे ०.०१ मिमी आकसतं. टाइल त्याच्या साधारण दोन तृतीयांश. म्हणून कडक थंडीत स्लॅब टाइल्सना चारी बाजूंनी आवळतो. तुमच्याकडे थंडीने फक्त शेवटचा धक्का दिला, दाब चार वर्षं साठत होता. गच्चीवर किंवा मोठ्या काचेच्या खिडकीपाशी याच्या उलट होतं. उन्हाने वरची टाइल झपाट्याने तापून फुगते, खालचा स्लॅब अजून गार असतो, आणि टाइल्स भर दुपारी उचलतात.

कडेला भिंतीपाशी मोकळी जागा असेल तर हा दोन-तीन मिमीचा फरक तिथे जिरतो. टाइल भिंतीला भिडवलेली असेल, किंवा जागा सोडूनही ती मालाने भरून टाकलेली असेल, तर दाबाला वाट उरत नाही. दोन भिंतींमध्ये ठासून बसवलेली चटई कडेने आणखी ढकलली की मध्येच फुगते, तसं होतं. फरक इतकाच की चटई वाकते. टाइल वाकत नाही, ती सांध्यावर वर उचलते.

इथे एक हिशेब करून बघण्यासारखा आहे. ६०० मिमीच्या दोन टाइल्स शेजारी आहेत, त्यांची जागा १२०० मिमी. ही जागा फक्त १ मिमीने कमी झाली आणि टाइल्स सुटून मधल्या सांध्यावर एकमेकींना टेकल्या, तर तो सांधा किती वर येईल? सुमारे २४ मिमी. एका मिमीचा हा उपद्व्याप. त्यामुळे उचललेली फरशी बघून लोकांना वाटतं की खाली काहीतरी मोठं फुगलंय, पाणी साठलंय, स्लॅब वाकलाय. बहुतेक वेळा तसलं काहीच नसतं.

हे झालं रेट्याचं. पकड का सुटली हे मात्र तुमच्याच घरात लिहून ठेवलेलं आहे, टाइलच्या पाठीवर. उचललेल्या टाइल्स भंगारात टाकायच्या आधी उलट्या करा, आणि त्या जिथून निघाल्या ती जागाही उजेडात नीट बघा.

पाठ अगदी कोरी, कारखान्यातून आली तशी, आणि खालच्या मालावर टाइलच्या पाठीच्या चौकटींचा ठसा स्वच्छ उमटलेला, असं दिसलं तर टाइल ओल्या मालावर टेकली होती, दाबलीही गेली होती, पण धरली नाही. याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे व्हिट्रिफाइड टाइल साध्या सिमेंटवर बसवणं. सिमेंट टाइलला धरतं ते तिच्या पाठीतल्या बारीक छिद्रांत शिरून. साधी सिरॅमिक टाइल वजनाच्या ३ ते १० टक्के, कधी त्याहूनही जास्त पाणी शोषते, म्हणजे तिला छिद्रं भरपूर. व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्का किंवा त्याहून कमी शोषते. तिच्यात सिमेंटला शिरायला जागाच नाही. काम झाल्यावर पहिले काही महिने ती घट्ट वाटते, कारण खाली ठसा बसलेला असतो आणि चहूबाजूंनी ग्राउटने, म्हणजे सांध्यात भरलेल्या मालाने, आवळलेली असते. ती खऱ्या अर्थाने चिकटलेली नसते.

कोरी पाठ असण्याचं दुसरं कारण बारीक आहे. भट्टीतल्या रोलरला टाइल चिकटू नये म्हणून तिच्या पाठीवर पांढरा लेप दिलेला असतो. पाठीवरून बोट फिरवलं तर खडूसारखी पावडर लागते. ती ओल्या फडक्याने पुसली नाही तर अॅडहेसिव्ह टाइलला न चिकटता पावडरीला चिकटतं. पुसायला टाइलमागे अर्धं मिनिटही लागत नाही, तरी हे काम सर्रास टाळलं जातं.

खाली अॅडहेसिव्हच्या रेघा दातेरी थापीने ओढल्या तशाच उभ्या, आणि टाइलच्या पाठीवर नुसते बारीक पट्टे, असं असेल तर अॅडहेसिव्हवर साय धरली होती. कामगाराने एकदम मोठा भाग माखून ठेवला, मग टाइल आणायला, कापायला गेला, आणि वारा किंवा ऊन लागून वरचा पापुद्रा सुकला. नेहमीच्या अॅडहेसिव्हला पसरल्यानंतर साधारण २० मिनिटांचा अवधी असतो, आणि तो प्रयोगशाळेतल्या हवेत मोजलेला असतो. उघड्या दारातून वारा येत असेल तर १० मिनिटांतही खेळ संपतो. तपासायची रीत सोपी आहे: बोट टेकवा. बोटाला माल लागला तर टाइल बसवा. बोट कोरं निघालं तर तो माल खरवडून फेका. त्यावर पाणी शिंपडून वेळ मारून नेता येत नाही.

टाइलच्या पाठीला माल घट्ट आहे पण खालचं काँक्रीट उघडं पडलंय, आणि त्यावर हात फिरवला की धूळ लागते, तर दोष जमिनीचा. न झाडलेली धूळ, गिलाव्याचे सांडलेले थर, रंगाचे डाग, किंवा स्लॅबवर तरंगून आलेल्या सिमेंटच्या पाण्याची दुबळी साय. काही ठिकाणी काँक्रीटवर पाणी मारण्याऐवजी मेणासारखं क्युरिंग कंपाउंड फवारतात. त्यावर काहीही चिकटत नाही, ते घासूनच काढावं लागतं. जमिनीवर थोडं पाणी टाकून बघा. पाणी थेंबाथेंबाने तसंच उभं राहिलं तर काहीतरी थर बसलेला आहे. दोन-तीन मिनिटांत शोषलं गेलं तर ठीक.

माल मधोमध फाटून अर्धा टाइलला, अर्धा जमिनीला लागलेला, आणि नखाने त्याचा भुगा होतो, असं असेल तर माल दुबळा. मातकट वाळू, कमी सिमेंट, किंवा घट्ट व्हायला लागलेला माल पुन्हा पाणी घालून कालवलेला. हा शेवटचा प्रकार अॅडहेसिव्हच्या बाबतीतही होतो आणि तिथे तो जास्त महागात पडतो. बादलीतला माल आवळायला लागला की पाण्याचा एक मग ओतून ढवळायचा मोह होतोच. ढवळल्यावर तो पुन्हा लोण्यासारखा मऊ दिसतो, पण त्याची ताकद गेलेली असते.

आणि गोळ्यांचा प्रकार. चार कोपऱ्यांत चार, मध्ये एक असे गोळे ठेवून टाइल दाबायची. लेव्हल पटकन मिळते म्हणून मिस्त्री लोकांना ही पद्धत प्रिय आहे. जमिनीवर ती अजिबात चालवून घेऊ नका. गोळ्यांच्या मधल्या पोकळीवर पलंगाचा पाय आला की टाइल तडकते, आणि पोकळीत पाणी शिरलं तर ते बाहेर पडत नाही. टाइलखाली माल किती पसरला पाहिजे याचा आंतरराष्ट्रीय व्यवहारातला ढोबळ नियम असा: आतल्या कोरड्या जागी किमान ८० टक्के, बाथरूम आणि गच्चीसारख्या ओल्या किंवा उघड्या जागी ९५ टक्के, आणि कोपरे नेहमी भरलेले.

सिमेंटच्या जाड मालावर टाइल बसवायची जुनी पद्धत मी टाकाऊ मानत नाही. पाणी शोषणारी लहान सिरॅमिक टाइल, आधी भिजवून मग पाठ निथळू दिलेली, ताज्या मालावर आणि पुरेशा सिमेंटच्या स्लरीवर (पाण्यात कालवलेल्या पातळ सिमेंटवर) बसवली तर पिढ्या जातात. अडचण येते ती मोठी व्हिट्रिफाइड टाइल त्याच पद्धतीने बसवताना. अर्धवट कोरडा माल पसरायचा, वर स्लरी ओतायची, टाइल ठेवून रबरी हातोडीने ठोकायची. कोरडा माल स्लरीतलं पाणी ओढून घेतो, कोपऱ्यांपर्यंत स्लरी पोहोचत नाही, आणि जी पोहोचते तिला टाइलमध्ये शिरायला छिद्रं नाहीत. व्हिट्रिफाइड टाइल भिजवत बसणं हाही वेळेचा अपव्यय. ती पाणी पीत नाही. उलट पाठीवर राहिलेल्या पाण्याच्या पापुद्र्यामुळे पकड आणखी बिघडते. अॅडहेसिव्ह वापरायचं असेल तर सिरॅमिकही सहसा भिजवत नाहीत, पाठ पुसली की पुरे.

अॅडहेसिव्ह घेताना पिशवीवरची जाहिरात वाचू नका, खूण वाचा. आयएसओ १३००७ या मानकानुसार सिमेंटच्या अॅडहेसिव्हवर सी-१ किंवा सी-२ असं लिहिलेलं असतं. सी-१ला चाचणीत चौरस मिमीला किमान ०.५ न्यूटन पकड दाखवावी लागते, सी-२ला १ न्यूटन. पुढे ई असेल तर पसरल्यानंतरचा अवधी वाढीव, म्हणजे किमान ३० मिनिटं. एस-१ किंवा एस-२ असेल तर सुकल्यावरही तो थर थोडा लवचीक राहतो, आणि आपला रेट्याचा प्रश्न असल्यामुळे ही खूण महत्त्वाची. सिरॅमिकची साधी खोली असेल तर सी-१ पुरतं. व्हिट्रिफाइड टाइलला सी-२च घ्या. ६०० मिमीपेक्षा मोठी टाइल, गच्ची, किंवा जुन्या फरशीवर नवी फरशी असेल तर सी-२ एस-१च्या खाली उतरू नये, असं माझं मत.

चांगली पिशवी आणली म्हणजे काम झालं असं मात्र नाही. पाणी पिशवीवर लिहिल्याप्रमाणे मोजून घाला, अंदाजाने नको. कालवून पाचेक मिनिटं तसंच ठेवा, मग पुन्हा एकदा ढवळा. थापीच्या सपाट बाजूने आधी एक पातळ हात जमिनीवर दाबून घ्या आणि मग दातेरी बाजूने एकाच दिशेने सरळ रेघा ओढा. गोल गोल नक्षी काढली की हवा कोंडते आणि बाहेर पडायला मार्ग राहत नाही. टाइल ठेवल्यावर रेघांना काटकोनात थोडी पुढेमागे सरकवून दाबा म्हणजे रेघा मोडून एकमेकींत मिसळतात. मोठ्या टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्या. आणि सगळ्यात उपयोगी सवय: सकाळची पहिली टाइल बसवल्यावर लगेच उचकटून बघा, दिवसातून पुन्हा दोन-तीनदा तसंच करा. पाठ पूर्ण माखलेली असेल तर हात बरोबर चाललाय. मिस्त्री नाराज होईल, होऊ द्या.

जमीन सपाट नसेल तर अॅडहेसिव्हच्या जाडीने ती भरून काढू नका. मोठ्या टाइलसाठी २ मीटरची पट्टी ठेवल्यावर खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसायला नको. खड्डे आदल्या दिवशीच भरून घ्यावेत. नवा स्लॅब असेल तर टाइल घालायची घाई करू नका. पाणी मारायचे दिवस संपल्यानंतरही किमान सहा आठवडे तरी त्याला सुकू द्या. आकसण्याचा मोठा वाटा टाइल बसण्याआधी उरकला तर तेवढा रेटा पुढे कमी.

आता सांधे. हल्ली ‘जोड दिसताच कामा नये’ अशी फर्माईश असते आणि टाइलला टाइल भिडवली जाते. कृपा करून असं करून घेऊ नका. एकाच खोक्यातल्या टाइल्सही मापाने केसभर कमीजास्त असतात, आणि भिडलेल्या टाइल्समध्ये दाब एका काठावरून दुसऱ्या काठावर थेट जातो. स्पेसर (सांध्यात ठेवायचे प्लास्टिकचे छोटे तुकडे) लावून किमान २ मिमी, शक्य तर ३ मिमी सोडा.

पण ग्राउटचा सांधा म्हणजे मोकळी जागा नव्हे, ग्राउट कडकच असतं. खरी मोकळी जागा भिंतीलगत हवी: चारही बाजूंनी ६ ते १० मिमी, खांबांभोवतीसुद्धा. ती स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीखाली) झाकली जाते, त्यामुळे दिसण्याचा प्रश्नच येत नाही. काम संपताना बिगारी ही फट सिमेंटने भरून ‘साफ’ करतो, तिथे उभं राहून लक्ष ठेवा. स्कर्टिंगची टाइलही खालच्या टाइलवर टेकवून घट्ट माखू नये. खोली मोठी असेल तर आतही दर ६ ते ७.५ मीटरवर दोन्ही दिशांनी लवचीक सांधा द्यावा, आणि उन्हाच्या जागी तो दर २.५ ते ३.५ मीटरवर हवा. हा सांधा टाइलखालच्या मालासकट स्लॅबपर्यंत तुटलेला असतो आणि त्यात सिलिकॉन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरतात. दाराचा उंबरा ही त्याची उत्तम जागा, कोणाच्या नजरेत येत नाही. इमारतीचा मूळ एक्सपान्शन जॉइंट (फुगण्या-आकसण्यासाठी बांधकामातच सोडलेली फट) खालून जात असेल तर त्यावरून टाइल सरळ पुढे नेली की ती तिथे तुटणारच.

ओल्या जागांबद्दल एवढंच: टाइल आणि ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. ते खालीच व्हायला हवं, उतारासकट. गच्चीवर गडद रंगाची टाइल टाळा, ती फिकट टाइलपेक्षा खूप जास्त तापते आणि रोजची फुगण्या-आकसण्याची कसरत वाढवते.

तुमच्या भांडणाबद्दल बोलायचं तर पाठ बघा, भिंतीची कड बघा. पाठ कोरी असेल आणि टाइल व्हिट्रिफाइड असेल तर साध्या सिमेंटवर ती बसवायचा निर्णय ज्याचा, दोष त्याचा. अनेकदा तो खर्च वाचवणाऱ्या मालकाचाच असतो. भिंतीपाशी जागा नसेल तर ती बसवणाऱ्याची आणि देखरेख करणाऱ्याची चूक. टाइल स्वतः दोषी निघण्याची शक्यता या सगळ्यात कमी. वाकडी टाइल किंवा जास्त वाढणारी टाइल असते, नाही असं नाही, पण दहा ठिकाणी शोधावं तेव्हा एखादी सापडते.

दुरुस्ती करताना क्रम महत्त्वाचा. उचललेल्या टाइल्सवर पाय देऊन त्या खाली बसवायचा प्रयत्न करू नका. दाबाखालची टाइल फुटली की तिचे तुकडे उडतात. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क लावून उचललेल्या भागाच्या भोवतालचे सांधे आधी कटरने कापून दाब सोडवा, मग टाइल्स काढा. त्यानंतर स्कर्टिंग काढून चारही भिंतींची कड तपासा. जिथे टाइल भिंतीला भिडली आहे तिथे पट्टी कापून ६ मिमी तरी जागा करा, फटीत जमलेला माल खरवडून काढा. ही पायरी वगळून केलेली दुरुस्ती टिकत नाही. स्लॅब चार वर्षांचा झालाय, त्याचं आकसणं बहुतेक उरकलंय. पण ज्या टाइल्स अजून चिकटून आहेत त्यांच्यात जुना दाब तसाच अडकलेला आहे. वाट मिळाली नाही तर तो शेजारची कच्ची रांग शोधतो.

मग उरलेली सगळी खोली लाकडी दांड्याने ठोकून बघा आणि बद्द वाजणाऱ्या टाइल्सवर खडूने खूण करा. एखादाच कोपरा पोकळ असेल आणि त्यावर जड सामान नसेल तर त्याला हात लावू नका. खोलीच्या साधारण एक तृतीयांशाहून जास्त टाइल्स बद्द वाजत असतील तर तुकड्यातुकड्याने डागडुजी करण्यापेक्षा पूर्ण फरशी काढलेली परवडते. मधल्या प्रमाणात असतील तर सांध्यात बारीक भोक पाडून पातळ इपॉक्सी सोडायचा उपाय आहे. तो पोकळी भरतो, दाब कमी करत नाही, म्हणून कडेची जागा मोकळी केल्यानंतरच करायचा. आणि खाली धूळ असेल तर इपॉक्सीही धुळीलाच चिकटतं, तेव्हा एखादी टाइल काढून खालची अवस्था बघितल्याशिवाय त्यावर पैसे घालू नका.

काढलेल्या जागी जुना माल घट्ट असेल तर तो पूर्ण उकरायची गरज नाही. नव्या अॅडहेसिव्हच्या जाडीइतका, म्हणजे ४ ते ६ मिमी, वरून घासून खाली घ्या. नाहीतर नवी टाइल शेजारच्यांपेक्षा वर येते, आणि मग मिस्त्री लेव्हल जुळवायला अॅडहेसिव्हचा थर पातळ करतो. धूळ झाडून, ओल्या फडक्याने पुसून, सी-२ एस-१ने टाइल बसवा. किमान २४ तास त्यावर कोणी चालू नये, ग्राउट त्यानंतर. ज्या सांध्यावर टाइल्स उचलल्या होत्या तो एक सांधा मात्र ग्राउटने भरू नका. त्याच्याखालचा मालही स्लॅबपर्यंत कापून घ्या आणि ग्राउटच्या रंगाचं सिलिकॉन भरा.